इंग्रजी जेरंड आणि मराठी कान

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावात आयुष्यभर इंग्रजी शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर शेक्सपिअरवर किंवा वर्ड्‌स्वर्थवर बोलावे, असे कुणालाही वाटेल. मी व्याकरणातला एक लहानसा प्रश्न निवडला आहे, कारण गुरुजींचा जीव व्याकरणात होता आणि वाक्य नीट लिहिता येणे ही गोष्ट त्यांनी कधी लहान मानली नाही. विषय आहे इंग्रजीतला जेरंड आणि त्याच्याभोवती तयार होणारा शब्दसमूह, म्हणजे जेरंड फ्रेज.

क्रियापदाला ‘आयएनजी’ लावून जे नाम तयार होते ते जेरंड, एवढी व्याख्या आपल्या सगळ्यांना पाठ असते. परीक्षेत अधोरेखित शब्द जेरंड की पार्टिसिपल हे ओळखायचे, एक गुण मिळवायचा आणि पुढे जायचे. ओळखता येते, पण वापरता येत नाही, अशी स्थिती त्यातून तयार होते. पदवीधर माणूस ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ असे लिहितो आणि त्यात काय खटकते ते त्याला सांगता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की जेरंड नीट वापरायला जी जाण लागते, तिचा मोठा भाग मराठी बोलणाऱ्याच्या कानात आधीच असतो. शाळेत तो कान आपण वर्गाबाहेर ठेवतो. आणि जिथे मराठी कान फसवतो, त्या जागा मोजक्या आहेत आणि बोट ठेवून दाखवता येतात.

आधी या शब्दाचा स्वभाव पाहू. ‘पत्राचे संथ वाचन’ आणि ‘पत्र संथपणे वाचणे’ या दोन रचना शेजारी ठेवा. ‘वाचन’ हे पुरते नाम झाले आहे. त्याला ‘पत्राचे’ अशी षष्ठी लागते आणि ‘संथ’ हे विशेषण चालते. ‘वाचणे’ मात्र नामाच्या जागी बसूनही क्रियापदाच्या सवयी सोडत नाही. त्याला ‘पत्र’ हे कर्म सरळ लागते आणि ‘संथपणे’ हे क्रियाविशेषण लागते. इंग्रजीत या दोघांना रूप एकच आहे, ‘रीडिंग’. पण वागणूक दोन प्रकारची आहे. ‘द स्लो रीडिंग ऑफ द लेटर’ म्हणजे आपले ‘पत्राचे संथ वाचन’, आणि ‘रीडिंग द लेटर स्लोली’ म्हणजे आपले ‘पत्र संथपणे वाचणे’. आपण ज्याला जेरंड फ्रेज म्हणतो ती ही दुसरी रचना. पहिलीत आधी ‘द’ आला की मागून ‘ऑफ’ यावा लागतो. दुसरीत दोन्ही नसतात. ‘द रीडिंग द लेटर’ असे अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे लिहिले की वाक्य बिघडते.

हे बिघडलेले रूप एकेकाळी इंग्रजांच्याही लेखनात सर्रास असे. त्याचे कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत क्रियेपासून नाम करायचा प्रत्यय ‘उंग’ किंवा ‘इंग’ होता. ‘लेओर्नुंग’ म्हणजे शिकणे, विद्या. वर्तमानकालीन धातुसाधित विशेषणाचा प्रत्यय वेगळा होता, ‘एंदे’. ‘सिंगेंदे’ म्हणजे गाणारा, गात असलेला. म्हणजे आपल्याकडे ‘वाचन’ आणि ‘वाचणारा’ जितके वेगळे दिसतात तितकेच ते दोघे वेगळे दिसत. मधल्या इंग्रजीच्या काळात उच्चार झिजत गेले आणि दोन्ही प्रत्यय ‘इंग’ या एकाच रूपात येऊन मिळाले. मूळचे शुद्ध नाम हळूहळू क्रियापदासारखे वागू लागले. ‘ऑफ’ न घेता कर्म घेऊ लागले, क्रियाविशेषण घेऊ लागले, आणि पुढे ‘हॅविंग डन’, ‘बीइंग सीन’ अशी काळाची आणि प्रयोगाची रूपेही त्याला फुटली. हे स्थित्यंतर काही शतके चालले होते, आणि त्या काळात दोन्ही रचनांचे मिश्रण लोक सहज लिहीत. 1762 साली रॉबर्ट लौथ यांनी आपल्या छोट्या इंग्रजी व्याकरणात नियम घालून दिला की ‘द’ आणि ‘ऑफ’ दोन्ही घ्या किंवा दोन्ही सोडा. 1795 साली आलेल्या लिंडली मरे यांच्या व्याकरणाने तोच नियम शाळाशाळांत पोहोचवला.

‘जेरंड’ ही संज्ञा लॅटिन व्याकरणातून आली, पण लॅटिन जेरंडला प्रथमा विभक्तीच नव्हती. वाक्याचा उद्देश्य व्हायची वेळ आली की लॅटिनमध्ये ते काम इन्फिनिटिव्ह करी. इंग्रजीत मात्र जेरंड खुशाल उद्देश्य होतो: ‘स्विमिंग कीप्स हिम फिट.’ म्हणजे नाव उसने आहे आणि अंगाला पुरते बसत नाही. 1985 साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्ट्‌विक यांनी इंग्रजीचे बृहद्‌व्याकरण लिहिले. त्यात त्यांनी 14 उदाहरणांची एक उतरंड लावली आहे. एका टोकाला शुद्ध नाम झालेले ‘पेंटिंग’, दुसऱ्या टोकाला शुद्ध क्रियापदी रूप, आणि मध्ये एकेक पायरीने बदलत जाणारा उपयोग. 2002 साली हडलस्टन आणि पुलम यांनी तर जेरंड आणि पार्टिसिपल हा भेदच सोडून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असे एकच नाव दिले. मोठमोठे व्याकरणकार जिथे सीमारेषा ओढायला तयार नाहीत, तिथे सातवी-आठवीच्या मुलाला हा जेरंड की तो पार्टिसिपल असे ओळखायला लावून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. त्याला वापर शिकवावा. नावे नंतर येतील.

आता वापराकडे वळतो. इथे मराठी आपल्याला इतकी मदत करते की मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

‘तो बोलायचा थांबला’ आणि ‘तो बोलायला थांबला’. फरक एका अक्षराचा. पहिल्या वाक्यात बोलणे संपले. दुसऱ्यात चालणे थांबले आणि बोलणे सुरू झाले. आपल्या घरातले पाच वर्षांचे मूलही यात गल्लत करत नाही. इंग्रजीत पहिले ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ आणि दुसरे ‘ही स्टॉप्ड टु टॉक’. व्याकरणाच्या पुस्तकांत ही जोडी ‘अर्थ बदलणारी क्रियापदे’ अशा मथळ्याखाली येते आणि मुले घाबरून ती पाठ करतात. त्यांना मराठी जोडी आधी मोठ्याने म्हणायला लावली, तर पाठ करायला काही उरत नाही.

‘दार लावल्याचे मला आठवते’ आणि ‘दार लावायचे लक्षात ठेव’. एकीकडे ‘लावल्याचे’, दुसरीकडे ‘लावायचे’. झालेली गोष्ट आणि व्हायची गोष्ट मराठीने प्रत्ययातच वेगळी केली आहे. इंग्रजीत झालेल्या गोष्टीला ‘रिमेंबर लॉकिंग’ आणि व्हायच्या गोष्टीला ‘रिमेंबर टु लॉक’. विसरण्याचेही तसेच. ‘तुला भेटल्याचे मी कधीच विसरणार नाही’ याला ‘फर्गेट मीटिंग’, आणि ‘तुला भेटायला विसरलो’ याला ‘फर्गॉट टु मीट’. पश्चात्तापाचेही तसेच. ‘तुला दुखावल्याचा पश्चात्ताप होतो’ हे ‘रिग्रेट हर्टिंग यू’, आणि नकाराच्या पत्रात येते ते ‘कळवण्यास खेद वाटतो’ हे ‘रिग्रेट टु इन्फॉर्म यू’. कान ठेवून ऐका: मराठीत ‘ल्या’ आला की इंग्रजीत ‘आयएनजी’, आणि मराठीत ‘आय’ किंवा ‘ण्यास’ आला की इंग्रजीत ‘टु’.

‘ट्राय’ या क्रियापदाने तर कित्येकांना छळले आहे. ‘आमटीत थोडा गूळ घालून पाहिला’ आणि ‘खिडकी उघडायचा प्रयत्न केला’ यांत काय वेगळे आहे? पहिल्यात गूळ घालणे सोपे होते आणि ते झालेही. चव सुधारते का एवढेच पाहायचे होते. दुसऱ्यात खिडकी उघडणेच अवघड होते. ‘घालून पाहणे’ म्हणजे ‘ट्राय ॲडिंग’. ‘उघडायचा प्रयत्न करणे’ म्हणजे ‘ट्राय टु ओपन’. मराठीचे हे ‘करून पाहणे’ इंग्रजी ‘ट्राय डुइंग’शी इतके चपखल जुळते की मला ते वर्गात शिकवण्याचे साहित्य वाटते, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

मात्र हा ‘ल्या’ आणि ‘आय’चा नियम ताणू नये. आठवणे, विसरणे, पश्चात्ताप करणे अशा मागे वळून पाहणाऱ्या क्रियापदांपुरता तो खरा आहे. ‘अव्हॉइड’, ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘पोस्टपोन’, ‘डिनाय’, ‘सजेस्ट’, ‘रिस्क’, ‘माइंड’ या क्रियापदांमागून जेरंडच येतो, आणि त्याला झाले-व्हायचे हे तत्त्व पुरत नाही. ‘पोस्टपोन’ केलेली गोष्ट झालेली नसतेच, तरी त्यामागून जेरंड येतो. ही यादी पाठ करावी लागते. प्रत्येक गोष्टीला तत्त्व सापडत नाही, हे मुलांना सरळ सांगावे. त्यांचा आपल्यावरचा विश्वास त्याने वाढतो.

मराठी कान जिथे फसवतो ती पहिली जागा म्हणजे ‘टु’. मराठीत ‘गावाला’ म्हणताना नामाला ‘ला’ लागतो आणि ‘भेटायला’ म्हणताना क्रियेलाही ‘ला’च लागतो. त्यामुळे इंग्रजीतले दोन ‘टु’ आपल्याला वेगळे ऐकूच येत नाहीत. एक ‘टु’ इन्फिनिटिव्हचा, त्याच्यामागून मूळ क्रियापद येते. दुसरा ‘टु’ शब्दयोगी अव्ययासारखा, त्याच्यामागून नाम येते, आणि क्रिया आणायचीच असेल तर तिला नाम होऊन, म्हणजे जेरंड होऊन, यावे लागते. ‘लुक फॉरवर्ड टु’, ‘ऑब्जेक्ट टु’, ‘कमिटेड टु’, ‘विथ अ व्ह्यू टु’ यांतला ‘टु’ दुसऱ्या जातीचा. ओळखायची रीत सोपी आहे. त्याच्यापुढे एखादे साधे नाम ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टु द हॉलिडेज’ चालते, म्हणून ‘लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू’. ‘वॉन्ट टु द हॉलिडेज’ चालत नाही, म्हणून ‘वॉन्ट टु मीट’. ‘मी पहाटे उठत असे’ याला ‘आय यूज्ड टु गेट अप’ आणि ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ याला ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप’, हा फरकही याच कसोटीला उतरतो. बाकी ‘इन्सिस्ट ऑन’, ‘प्रिव्हेंट फ्रॉम’, ‘सक्सीड इन’, ‘केपेबल ऑफ’ यांच्यामागे जेरंड का येतो, ते आता वेगळे सांगायला नको.

वचनाची एक चूकही या ‘ला’शी बांधलेली आहे. ‘जुनी पत्रे वाचणे मला आवडते’ असे आपण म्हणतो, तिथे क्रियापद ‘वाचणे’कडे पाहते आणि नपुंसकलिंगी एकवचनी राहते. पण बोलताना ‘मला जुनी पत्रे वाचायला आवडतात’ असेही सहज म्हणतो; ‘वाचायला’ आले की क्रियापद उडी मारून ‘पत्रे’ला जाऊन मिळते. इंग्रजीत ही उडी नाही. जेरंड फ्रेज उद्देश्य असेल तर तिच्या पोटात कितीही अनेकवचने असोत, क्रियापद एकवचनी: ‘रीडिंग ओल्ड लेटर्स टेक्स टाइम.’

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो. जेरंड फ्रेजमध्ये क्रिया असते, पण तिचा कर्ता बहुधा उच्चारलेला नसतो. तो वाचणाऱ्याने ओळखायचा असतो, आणि तो कुठून ओळखायचा याची व्यवस्था लिहिणाऱ्याने करायची असते. ‘ऑन रीचिंग होम, आय मेड टी’ या वाक्यात घरी कोण पोहोचले? ‘मी’. स्वल्पविरामापुढच्या मुख्य वाक्याचा जो उद्देश्य, तोच पोहोचण्याचा कर्ता. पण ‘ऑन रीचिंग होम, इट स्टार्टेड रेनिंग’ असे लिहिले की घरी पोहोचणारे कुणी उरतच नाही. इंग्रजी व्याकरणात याला लोंबकळणारी रचना म्हणतात, आणि आपल्याकडच्या इंग्रजी लेखनात ती फार दिसते.

ती का दिसते? आपण म्हणतो, ‘घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला.’ मराठीत हे निर्दोष वाक्य आहे. ‘प्रवास करताना माझे पाकीट चोरीला गेले’ हेही निर्दोष. ‘बटण दाबल्यावर दार उघडते’ हेही. ‘ल्यावर’, ‘ताना’, ‘ल्याने’ या रूपांना आपला वेगळा कर्ता बाळगण्याची मुभा मराठीने दिली आहे. ‘तू गेल्यावर मी आलो’ असे आपण रोज बोलतो. तीच मुभा आपण इंग्रजी जेरंडला देऊन टाकतो, आणि ‘व्हाइल ट्रॅव्हलिंग इन द ट्रेन, माय पर्स वॉज स्टोलन’ असे लिहून पर्सलाच प्रवासाला पाठवतो. या वाक्यातले ‘ट्रॅव्हलिंग’ काटेकोरपणे पार्टिसिपल म्हणावे लागेल. ‘सुट्टी असल्याने कार्यालय बंद होते’ याचे ‘बीइंग अ हॉलिडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड’ होते, त्यातले ‘बीइंग’ही पार्टिसिपल. पण चूक एकच आहे, आणि दुरुस्तीची वाटही एकच.

ती वाट मराठीतच आहे. ‘ल्यावर’ सोडा आणि ‘ऊन’ घ्या. ‘घरी पोहोचून मी चहा केला’ छान वाटते. ‘घरी पोहोचून पाऊस सुरू झाला’ म्हणा; कान लगेच नाही म्हणतो. ‘बटण दाबून मी दार उघडले’ ठीक. ‘बटण दाबून दार उघडते’ जरा अडखळवते. इंग्रजी जेरंड फ्रेज वाक्याच्या सुरुवातीला आली की ती आपल्या ‘ऊन’सारखी वागते, ‘ल्यावर’सारखी वागत नाही. हे एक सूत्र मुलाला दिले तर लोंबकळणाऱ्या रचनांची धास्ती बरीचशी संपते. आधी मनात ‘ऊन’ लावून वाक्य म्हणावे. मराठीत ते उभे राहिले तर इंग्रजीतही राहील.

या ‘ऊन’ची परंपरा फार जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतात ‘काऊण’ म्हणजे करून, ‘हसिऊण’ म्हणजे हसून. गाथासप्तशतीची भाषा ती हीच. संस्कृतात याच कामाला ‘क्त्वा’ प्रत्यय आहे: ‘गत्वा’, ‘कृत्वा’. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात, चौथ्या पादात या प्रत्ययाचा नियम दिला आहे. त्याचा आशय असा की दोन क्रियांचा कर्ता समान असेल तेव्हा, त्यांतली जी क्रिया आधीची, तिच्या धातूला हा प्रत्यय लागतो. श्रोतेहो, इंग्रजी शैलीची आधुनिक पुस्तके जो सल्ला पानेच्या पाने देतात, त्याचे मर्म पाणिनीने ख्रिस्तपूर्व काळात एका सूत्रात मांडून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात संस्कृत व्याकरणे इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्वानांनी ‘गत्वा’ या रूपाला ‘जेरंड’ हेच नाव दिले. संज्ञांचा त्यामुळे थोडा गोंधळ झाला, पण सारखे काहीतरी त्यांना दिसले असणार. दोन्हीकडे क्रिया आहे, काळाचे बंधन सैल झाले आहे आणि कर्ता शेजारच्या क्रियेकडून उसना घेतला आहे.

‘ऊन’चा नियमही लोखंडी नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘पाय घसरून तो पडला’ हे उत्तम मराठी आहे; घसरला पाय, पडला तो. इथे पाय त्याचाच आहे म्हणून भाषा हरकत घेत नाही. ‘हे ऐकून त्याला वाईट वाटले’ यात व्याकरणाने उद्देश्य म्हणून ‘तो’ उभाच नाही. पण ऐकणारा आणि वाईट वाटणारा एकच आहे, तेवढे मराठीला पुरते. ‘त्याला जाऊन दोन वर्षे झाली’ यात तर वर्षे होतात आणि जातो दुसराच. इंग्रजीतही अशा सवलती आहेत. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘कन्सर्निंग’, ‘इन्क्लूडिंग’ ही रूपे आता कर्ता मागत नाहीत. ती झिजून जवळजवळ शब्दयोगी अव्यये झाली आहेत. आपल्याकडे ‘रमा सोडून सगळे आले’ या वाक्यात ‘सोडून’ने तेच केले. तिथे सोडणारा कोण, असा प्रश्न कुणी विचारत नाही. भाषा दोन टोकांच्या, पण रस्ता सारखा.

कर्त्याबद्दल एवढा आग्रह धरण्याचे कारण नुसते शैलीचे नाही. औषधाच्या सूचनेत ‘आफ्टर टेकिंग द टॅब्लेट, द डॉक्टर शुड बी इन्फॉर्म्ड’ असे छापले, तर गोळी कुणी घ्यायची हे संदर्भाने कळेल. पण करारात, पंचनाम्यात, तक्रारअर्जात संदर्भ दर वेळी इतका कनवाळू नसतो. ‘बाय साइनिंग धिस फॉर्म, द अमाउंट विल बी डिडक्टेड’ या वाक्यात सही कुणाची? बँकेची, की खातेदाराची? अशा वाक्यावर शहाणी माणसे भांडतात, आणि इंग्रजी कमी येणारा माणूस त्या भांडणात हरतो. म्हणून गुरुजींसारखी माणसे एका वाक्यावर अर्धा तास घालवत, तो मला वेळेचा उत्तम उपयोग वाटतो.

कर्ता मुख्य वाक्यापेक्षा वेगळाच असेल आणि तो सांगायचाच असेल, तर काय करायचे? इथून एक मोठा वाद सुरू होतो. ‘त्याच्या उशिरा येण्याने गोंधळ झाला’ हे इंग्रजीत ‘हिज कमिंग लेट’ की ‘हिम कमिंग लेट’? हेन्री फाउलर आणि त्यांचे बंधू फ्रान्सिस यांनी 1906 साली ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात ‘हिम कमिंग’ या रचनेला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असे नाव देऊन तिच्यावर हल्ला चढवला. त्यांचे म्हणणे असे की जेरंड हे नाम आहे आणि नामाचा धनी षष्ठीत असायला हवा. ‘हिम’ आणि ‘कमिंग’ असे दोन शब्द चिकटवून केलेल्या रचनेचा पदविन्यास लागत नाही. 1926च्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये हेन्री फाउलर यांनी तोच आग्रह पुन्हा मांडला. तेव्हा डेन्मार्कचे ऑटो येस्पर्सन पुढे आले. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती, पण इंग्रजीच्या इतिहासाचा त्यांच्याइतका अभ्यास फार थोड्यांचा होता. सोसायटी फॉर प्युअर इंग्लिशच्या पत्रिकांतून त्यांनी फाउलर यांना उत्तर दिले. नामवंत लेखकांची भरपूर उदाहरणे पुढे ठेवून त्यांनी दाखवले की ही रचना जुनी आहे, प्रतिष्ठित लेखकांनी वापरलेली आहे आणि कित्येकदा तिच्यावाचून चालत नाही.

मी येस्पर्सन यांच्या बाजूचा आहे, आणि त्याला मराठी कारण आहे. मराठी दोन्ही रचना राखून आहे. ‘त्याच्या येण्याने’ असे म्हटले की षष्ठी लागते. ‘तो येणे’ असे आपण म्हणत नाही. पण ‘तो आल्याने’ असे म्हटले की कर्ता प्रथमेत उभा राहतो आणि कुणालाही त्यात पदविन्यासाचा दोष दिसत नाही. दोन्हींत थोडा फरकही आहे. ‘त्याच्या येण्याने’मध्ये येणे ही एक वस्तू होते, ‘तो आल्याने’मध्ये ती एक घटना राहते. इंग्रजीत ‘हिज’ आणि ‘हिम’मधला फरक मला याच्या जवळचा वाटतो. औपचारिक लेखनात, विशेषतः सर्वनाम असेल तर, ‘हिज कमिंग लेट’ लिहावे. ते कुठेही खटकणार नाही. पण धनी लांबलचक असेल, ‘शेजारच्या गावातून आलेल्या त्या दोन मुलांचे’ असा, किंवा निर्जीव असेल, तर षष्ठीचा हट्ट धरला की इंग्रजी वाक्य वाकडे होते. तिथे षष्ठी सोडावी.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. मराठी ‘तो आल्याने’मधली प्रथमा आपण इंग्रजीत तशीच नेतो आणि ‘बिकॉज ऑफ ही कमिंग लेट’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ ही बीइंग इल’ असे लिहितो. हे इंग्रजीला कोणत्याही पक्षाने मान्य नाही. शब्दयोगी अव्ययानंतर ‘हिज’ चालेल, ‘हिम’ चालेल, ‘ही’ चालणार नाही. या चुकीवर लाल शाईने नुसता गोल करून मुलाला काही कळत नाही. तू मनात ‘तो आजारी असूनही’ म्हणालास ना, असे त्याला विचारावे. तो हो म्हणतो, आणि चुकीचे मूळ त्याचे त्यालाच दिसते.

आपल्याकडे व्याकरण म्हटले की रेन आणि मार्टिन. पी. सी. रेन भारतीय शिक्षण सेवेत, मुंबई इलाख्यात नोकरीला होते. पुढे 1924 साली ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून ते जगभर प्रसिद्ध झाले. त्यांचे आणि मार्टिन यांचे व्याकरण 1930च्या दशकापासून आपल्या शाळांत आहे, आणि त्याने पिढ्या घडवल्या. त्यातले जेरंडचे प्रकरण नीटस आहे, उदाहरणे चांगली आहेत. पण ते सर्व भारतासाठी लिहिलेले पुस्तक आहे. मराठी मुलगा कुठे अडखळेल हे ते कसे सांगणार? ते काम तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने केले होते. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून शिकण्याची ती रीत पुढे मागास ठरवली गेली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, हा विचार लहान मुलांच्या बोलण्यापुरता मला मान्य आहे. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा त्या चिमुरड्यांना व्याकरण सांगणे योग्य नव्हतेच. पण आठवी-नववीत, जिथे मूल दोन्ही भाषांत विचार करू लागलेले असते, तिथे त्याची एक भाषा वर्गाबाहेर का ठेवायची?

शिक्षक मित्रांना माझी एक ठोस विनंती आहे. 1836 साली दादोबा पांडुरंगांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापले, आणि 1911 साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. दामल्यांच्या ग्रंथातला धातुसाधितांचा भाग इंग्रजीच्या शिक्षकाने वाचावा. ‘णे’, ‘ऊन’, ‘ताना’, ‘ल्यावर’, ‘ल्याने’, ‘आयला’ ही सहा रूपे एका मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावावीत. प्रत्येकासमोर दोन प्रश्न विचारावेत: याला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो का, आणि याच्या जागी इंग्रजीत काय येईल? ‘ल्यावर’ आणि ‘ल्याने’समोर मुलांनी जेरंड लिहिला, तर त्यांना ‘व्हेन’ आणि ‘बिकॉज’ने सुरू होणारे पूर्ण उपवाक्य करून दाखवावे: ‘व्हेन आय रीच्ड होम, इट स्टार्टेड रेनिंग.’ जेरंड हटवून उपवाक्य घेणे ही हार नसते; पुष्कळदा तेच सर्वांत स्वच्छ इंग्रजी असते. आणि ‘ऊन’समोर मात्र मुलांकडून दहा-दहा वाक्ये करून घ्यावीत, ‘आफ्टर’, ‘ऑन’, ‘बाय’, ‘विदाउट’ लावून, प्रत्येक वाक्यात कर्त्याखाली रेघ मारायला लावून.

वेळ झाली आहे.  शिक्षकांनी वह्या सोबत आणल्या असतील, तर त्यांतली वाक्ये घेऊन पुढे बोलू.